थंडीतला हंडा

आमच्या माण तालुक्यात पाऊस उघडला की रोपं लोकांच्या डोळ्याआड होतात आणि होळीच्या सुमाराला पुन्हा आठवतात. मग टँकर येतो, फोटो निघतात, पाणी घातलं जातं, आणि मे महिन्यात निम्मी रोपं वाळून काटकी झालेली असतात. "उन्हाळाच वाईट होता," असं सगळे म्हणतात. मी शाळेत शिकवते आणि शाळेचं आवार, स्मशानभूमीची वाट आणि गायरानाचा एक तुकडा इथल्या रोपांचं पाणी गेली कित्येक वर्षं मुलांसोबत बघते. माझं मत आता पक्कं झालंय. रोप मेमध्ये वाळलेलं दिसतं, पण त्याचा जीव जायला सुरुवात मार्गशीर्षातच झालेली असते. पाणी द्यायचं ते थंडीत.

आमच्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तोच ढग सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत रिकामा होतो. माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं, आणि त्यातलाही मोठा भाग उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. तो परतीचा पाऊस नीट झाला तर जमीन दिवाळीनंतरही काही दिवस ओल धरते. नाही झाला तर दिवाळीलाच मुरुमाची धूळ उडते. २०२३ साली तेच झालं. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि पुढे राज्य सरकारनं ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्याकडे नवरात्रात खड्ड्याच्या कडेला खुरपं मारलं तर वितभर खाली कोरडं ठाक होतं. जी ओल एरवी डिसेंबरपर्यंत पुरवायची, ती त्या साली जमिनीत गेलीच नव्हती.

त्या थंडीत मी जे शिकले त्यावर हा सगळा लेख उभा आहे.

थंडीत झाडाला तहान लागत नाही हा समज कुठून येतो, ते मला कळतं. सकाळी दहिवर पडलेलं असतं, पानं ओली दिसतात, आपल्याला स्वेटर लागतो. पण दहिवर पानावरून सकाळी दहाच्या आत उडून जातं, मुळापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. दुपारी तीसच्या पुढे पारा, आकाश निरभ्र, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. जी हवा आपले ओठ फोडते ती पानातूनही पाणी ओढतेच. फरक एवढाच, की थंडीत रोप कोमेजून दाखवत नाही. शेंड्याची वाढ थांबलेली असते, पानं जरा निस्तेज होतात, कडा तपकिरी पडतात. लोकांना वाटतं थंडीनं झालं असेल.

या काळात खरं काम चालू असतं ते जमिनीखाली. आमच्याकडची माती थंडीत गोठत नाही, मुळं वाढू शकतात. फक्त त्यांना ओल लागते. कोरड्या मातीत मूळ शिरत नाही, ते ओल जिथवर असेल तिथवरच जातं. म्हणून थंडीत खोल ओल मिळाली तर फेब्रुवारीपर्यंत मूळ हातभर खाली गेलेलं असतं आणि उन्हाळ्याचा तडाखा वरच्या वितभर मातीला बसला तरी झाड तग धरतं. थंडी कोरडी गेली तर तेच मूळ लावताना होतं तेवढंच राहतं, आणि एप्रिलमध्ये वरून कितीही पाणी घातलं तरी ते त्या तव्यासारख्या तापलेल्या वितभर मातीतच असतं.

दुसरा हिशोब पाण्याचा. मे महिन्यात आमच्या भागातलं बाष्पीभवन डिसेंबरच्या दुपटीहून जास्त असतं. म्हणजे डिसेंबरात घातलेला हंडा झाडाला जेवढे दिवस पुरतो, त्याच्या निम्मेही दिवस तो मेमध्ये पुरत नाही. शिवाय डिसेंबरात विहिरींना पाणी असतं. भूजलवाले निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजतात. ऑक्टोबर ते मे पाणी कसं खाली जातं ते आमच्या बायकांना मोजमापाशिवायही माहीत आहे, पोहऱ्याचा दोर किती सोडावा लागतो त्यावरून. एप्रिलमध्ये गावात टँकर लागला की झाडासाठी पाणी मागायला माझी जीभ रेटत नाही. माणसं आणि गुरं आधी, हे बरोबरच आहे. म्हणून झाडांचं पाणी त्याआधीच त्यांच्या मुळाशी साठवायचं.

आता गावात या गोष्टीला दोन बाजूंनी विरोध होतो, आणि दोन्ही विरोध शहाण्या माणसांचे आहेत, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला शाळूचा, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचा. "शाळू थंडीवर येतो. पेरल्यापासून काढणीपर्यंत एक थेंब पाणी देत नाही आम्ही. मग झाडाला कशाला?" शाळूचं खरं आहे. पण शाळू असतो काळ्या भारी रानात, जिथे पावसाचं पाणी चार-पाच फूट खाली साठलेलं असतं आणि शाळूची मुळं त्या ओलीमागं भराभर खाली जातात. चार महिन्यांत त्याचं आयुष्य संपतं. आपलं रोप असतं गायरानाच्या मुरुमात, दीड फुटाच्या खड्ड्यात, ज्याच्या खाली काळा पाषाण. खड्ड्यात जी पोयट्याची माती भरली तेवढंच त्याचं रान. शाळूकडून घ्यायचीच तर एक गोष्ट जरूर घ्यावी, ती म्हणजे कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडचे जाणते शेतकरी म्हणतात. वरची माती मोकळी केली की खालची ओल वर चढून उडून जाण्याची वाट तुटते आणि भेगाही बुजतात. रोपाच्या आळ्यातही मी हेच करायला लावते. पाणी घातल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की, खुरप्याच्या टोकानं वरचा इंचभर थर हलवायचा. मुळाला धक्का न लावता. काळ्या मातीत तर हे केलंच पाहिजे. ती वाळताना आकसते, बोट जाईल एवढी भेग पडते, त्या भेगेतून खालची ओलही उडते आणि आडवी आलेली बारीक मुळंही तुटतात.

दुसरा विरोध घरातलाच. आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डाळिंबाची बाग जन्मभर केली. पहिल्यांदा मी थंडीत रोपांना पाणी न्यायला लागले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, ताण दिल्याबिगर, पाणी तोडल्याबिगर डाळिंबाला फूल येत न्हाई. त्या रोपास्नी इतकं लाडानं पाणी पाजशील तर ती चिवट कशी व्हायची?"

मी म्हटलं, "आबा, तुम्ही पहिल्या वर्षीच्या डाळिंबाला कधी ताण दिलाय का?"

ते गप्प बसले, मग म्हणाले, "न्हाई. लहान झाडाला ताण देत न्हाईत."

डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारीनंतरचा फुलोरा, धरायचा असतो तेव्हा बागायतदार नोव्हेंबर-डिसेंबरात बागेला ताण देतात, पानं गाळतात आणि जानेवारीत पाणी सोडतात. ते झाड मोठं झालेलं असतं, खोडा-मुळात अन्न साठवलेलं असतं, त्या साठ्यावर ते फुलतं. आमच्या चिंचेच्या किंवा बहाव्याच्या वर्षाच्या रोपाकडे कसला साठा आलाय? ताण त्याला चिवट करत नाही, खंगवतो. आणि खंगलेल्या रोपाला सगळ्यात आधी वाळवी गाठते. बुंध्याशी मातीचे लिंपण दिसलं की समजायचं, हे रोप बरेच दिवस तहानलेलं होतं. आबांनीच मग निंबोळी पेंड मूठमूठ आळ्यात घालायला सांगितली, आणि त्यानंतर ते स्वतः काठी टेकत गायरानापर्यंत यायला लागले.

पाणी किती आणि कसं द्यायचं, हा खरा विषय. इथेच सगळ्यात जास्त पाणी वाया जातं.

मुलं उत्साहानं रोज एकेक बाटली ओततात. एक मीटर व्यासाचं आळं धरलं तर त्यात सगळ्यांच्या बाटल्या मिळून ५ लिटर पाणी घालणं म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं आहे. दोन-तीन बोटं माती भिजते, दुपारी उडून जाते, आणि वर ओल मिळते म्हणून बारीक मुळं वरच जमा होतात, म्हणजे उन्हाळ्यात जी जागा सगळ्यात जास्त तापणार तिथेच. २० लिटर घातलं तर २५ मिलिमीटर, आणि ४० लिटर घातलं तर ५० मिलिमीटर. पन्नास मिलिमीटरचा पाऊस आमच्या मुरुमात फूट-सव्वा फूट तरी उतरतो. म्हणून रोज पाच लिटर ओतण्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी दोन मोठे हंडे, म्हणजे ४० लिटर, एकदम ओता. पाणी त्याहून जास्त लागत नाही, पण पोचतं वेगळ्याच ठिकाणी. पाचवीच्या वर्गाला मी हे गणित फळ्यावर घालून दिलं, वर्तुळाचं क्षेत्रफळ पुढच्या इयत्तांमध्ये येणार असलं तरी. मग त्यांनीच एक आळं रोज थोडं आणि एक आळं एकदम असं भिजवून बाजूनं खणून पाहिलं. त्यानंतर बाटल्या ओतणं बंद झालं.

एकदम म्हणजे धबाधबा ओतणं नव्हे. आधी थोडं ओतायचं, माती पाणी प्यायला लागली की उरलेलं. कोरडी माती पहिलं पाणी वरच्यावर वाहून घालवते. उतारावर आळं करताना खालच्या बाजूचा बांध उंच आणि दगड लावून पक्का करायचा. आणि पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही. बुंध्याभोवती मातीची छोटी भर, तिच्या बाहेर आळं, असं दुहेरी आळं करावं. लिंबू-मोसंबीवाले डिंक्या रोग टाळायला हेच करतात. बुंधा सतत ओला राहिला तर सडतो, आणि तहानलेली मुळं असतात ती बाहेरच्या घेरात. रोप जसं पसरेल तसं आळंही दरवर्षी बाहेर सरकवायचं. चार वर्षांच्या झाडाला अजून लावताना केलेल्या घमेल्याएवढ्या आळ्यात पाणी घालणारे लोक बघितले की मला राहवत नाही, मी थांबून सांगतेच.

पाणी कधी द्यायचं ते तारखेवर ठरवू नका. आमच्याकडे एक जुनी लोखंडी सळई आहे, छत्रीच्या दांड्याएवढी. ती आळ्याच्या कडेला दाबायची. ओल्या मातीत ती सरळ जाते, कोरडी लागली की अडते. दगडाला अडली असं वाटलं तर दुसरीकडे दाबून बघायची. वितभर खाली अडली की पाण्याची वेळ झाली. दुसरी खूण, सकाळी सातला शेंडा बघा. दुपारी बहुतेक रोपं जरा मान टाकतातच, त्यावरून काही ठरत नाही. सकाळीही शेंडा पडलेला असेल तर ते रोप खरंच तहानलेलं आहे. पान नसलेलं रोप मेलं असं ठरवून उपटायच्या आधी नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे, त्याला पाणी द्या.

साधारण अंदाज हवाच असेल तर मुरुमात पहिल्या वर्षाच्या रोपाला नोव्हेंबर ते जानेवारी दहा-बारा दिवसांनी, काळ्या मातीत पंधरा-वीस दिवसांनी, आणि फेब्रुवारी लागला की अंतर कमी करत आणायचं. दुसऱ्या थंडीत आळं मोठं, पाणी जास्त, पण महिन्यातून एकदा. तिसऱ्या थंडीत लिंब (कडुलिंब), करंज, बाभूळ, शिरीष यांना आम्ही सोडून देतो. वड आणि पिंपळाला मात्र तिसऱ्या वर्षीही देतो, कारण खडकाच्या फटीत मूळ शिरेपर्यंत त्यांचं काही खरं नसतं. एकदा शिरलं की मग त्यांना कुणी विचारावं लागत नाही.

झुडपांचं थोडक्यात सांगते. कण्हेर आणि निर्गुडी पहिली थंडी निभावली की स्वतःच्या पायावर उभी राहतात. तरवडाला तर लावल्या वर्षानंतर हात लावायची गरज नाही, माळरान त्याचंच आहे. जास्वंद आणि तगर शाळेच्या भिंतीशी आहेत, दुपारचं ऊन भिंत गिळते आणि रात्रभर परत देते, त्यामुळे त्यांना थंडीतही आठवड्याला पाणी लागतं. अडुळशाची पानं तहान लगेच दाखवतात, म्हणून मी मुद्दाम प्रत्येक रांगेच्या टोकाला एक अडुळसा लावलाय. त्याची पानं लोंबली की त्या रांगेकडे बघायचं.

आता मडक्याबद्दल. मला विचाराल तर आमच्या भागासाठी याहून चांगला उपाय नाही.

कच्च्या पोताचं, बाहेरून काही न लावलेलं मडकं, रोपापासून फूट-दीड फूट अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं. पाणी भरायचं, तोंडावर चपटा दगड किंवा झाकण. भोवतालची माती कोरडी असेल तर ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते, ओली असेल तर पाझर आपोआप मंद होतो. म्हणजे किती पाणी द्यायचं हे माती ठरवते. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या लिखाणात या पद्धतीचं वर्णन आहे, इतकी ती जुनी. काही महिन्यांनी खणून पाहिलं तर मडक्याला मुळांचं जाळं बिलगलेलं असतं. वरची माती कोरडी राहते, त्यामुळे तणही कमी.

काही बारीक गोष्टी. बाजारातला चकचकीत, घट्ट भाजलेला माठ चालत नाही, तो पाझरत नाही. पाणी प्यायचा जुना माठही शक्यतो नको, आमच्या बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं आधीच बुजलेली असतात. तडा गेलेला तर नकोच, तो एका रात्रीत रिकामा होतो. कुंभाराला सांगूनच करून घ्यावा. आमच्या कुंभारकाकांचा दिवाळीआधी पणत्यांचा आणि संक्रांतीआधी सुगडांचा हंगाम असतो, मधल्या दिवसांत हात मोकळा असतो तेव्हा ते आम्हाला सात-आठ लिटरची मडकी घडवून देतात, जराशी कमी भाजून. झाकण विसरू नका. उघड्या मडक्यात डास होतात, पाणी उडून जातं आणि सरडे-चिमण्या आत पडतात.

प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगून किंवा सलाईनची नळी लावून थेंब थेंब पाणी देण्याची टूम सगळीकडे दिसते. मुलांचं मन त्यात रमतं हे चांगलंच आहे. पण लिटरभर पाणी, शेवाळ धरणारं भोक, आणि वरच्यावर भिजणारी माती. कुंडीला ठीक. माळावरच्या रोपाला ते पुरत नाही.

आच्छादनाचं सगळ्यांना माहीत आहे, तरी आमच्याकडे एक अडचण असते. कडबा आणि भुसकट गुरांच्या तोंडचं, ते झाडाखाली घालणं मला पटत नाही. पालापाचोळा आवारात चालतो, बुंध्यापासून वीतभर लांब, चार बोटं जाड. गायरानावर मात्र फेब्रुवारीत गवत वाळलं की वणव्याची भीती, तिथे वाळका पाला म्हणजे रोपाखाली सरपण रचून ठेवणं. तिथे आम्ही दगड मांडतो. हाताच्या पंजाएवढे दगड आळ्यात दाटीनं लावले की खालची ओल टिकते, सावली राहते, आणि शेरडं पायानं उकरत नाहीत. माळावर दगडांची काय कमी? पोरं शर्यत लावून गोळा करतात. दगड उचलताना आधी पायानं हलवून बघायचा, खाली विंचू असतो, हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं.

पाणी कुठलं, तर शाळेच्या हातधुण्याचं. खिचडीनंतर मुलं हात-ताटं धुतात ते पाणी एका बॅरलमध्ये येतं. साबणाचं वेगळं, ते झाडाला नाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही कुणी कुणी देऊ करतं, पण त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, आणि आमची माती पावसानं धुऊन निघण्याएवढा पाऊस इथे पडत नाही. कधीमधी इतर पाण्यात मिसळून चालेल, रोजचं नको.

एका कार्यक्रमात लावलेली रोपं आमच्या वाटेच्या पलीकडच्या बाजूला आहेत. त्याच पावसाळ्यातली, तीच माती, तीच लिंब-करंजाची जात. २०२३ च्या थंडीत त्यांना पाणी मिळालं नाही, मार्चपासून टँकर आला, आणि तो भरपूर पाणी देत होता. पुढच्या जूनपर्यंत आमच्या बाजूची बहुतेक उभी होती आणि तिकडची मोजकीच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पाणी त्यांनी आमच्यापेक्षा जास्त घातलं होतं. उन्हातान्हात टँकरमागं फिरणाऱ्या माणसांचे कष्टही कमी नव्हते. तोच टँकर कार्तिकात एकदा आणि पौषात दोनदा आला असता तर. तेव्हापासून मी ग्रामसभेत दर वर्षी एवढंच मागते, झाडांसाठीचा पैसा मार्चला धरू नका, नोव्हेंबरला धरा. गेल्या खेपेला ते मान्य झालं.

आणखी एक सांगायचं राहिलं. वळवाची पहिली सर आली की सगळे पाणी बंद करतात. वळीव धो धो पडतो पण मुरुमाच्या उतारावरून निघून जातो, खाली ओल जात नाही. सळई दाबून बघा. मृगाचा पाऊस होऊन ती फूटभर सहज खाली जायला लागली, की मग हंडे घरात ठेवायचे.